कोळी ओळखावा कशावरून?

पावसाळा सरतो, आभाळ मोकळे होते आणि कर्जत-खालापूरकडच्या डोंगरवाटा पुन्हा चालण्याजोग्या होतात. पण त्या अगदी मोकळ्या मात्र नसतात. दोन झाडांच्या मध्ये, वाटेच्या बरोबर आडवी, माणसाच्या तोंडावर येतील अशी मोठमोठी जाळी लागलेली असतात. उन्हाची तिरीप पडली की त्यांचे धागे सोनेरी दिसतात. मध्यभागी हाताच्या पंज्याएवढा पसारा मांडून एक कोळीण डोके खाली करून स्वस्थ बसलेली असते.

ठाकुरवाडी नावाच्या वस्त्या या भागात अनेक आहेत. कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या घाटातल्या लोहमार्गालाही हे नाव ठाऊक आहे. अशाच एका ठाकुरवाडीच्या वाटेवर आम्ही काही शिक्षक आठवी-नववीच्या मुलांना घेऊन चाललो होतो. मुलांत वाडीतलीही काहीजण होती. पहिलेच मोठे जाळे लागले तेव्हा सगळे थांबले. जाळ्यात ती मोठी कोळीण होतीच, पण तिच्याशिवाय आणखी काही लहान लहान कोळी दिसत होते. मुलांनी विचारायच्या आतच आम्ही सांगून टाकले, ‘‘ही आई, आणि ही तिची पिल्ले.’’

वाडीतली एक मुलगी जाळ्याच्या अगदी जवळ जाऊन पाहत होती. ती म्हणाली, ‘‘गुरुजी, पिल्लं दोन तऱ्हेची कशी? हा तांबूस हाय तो तिच्या पाठीशीच बसलाय. ते चांदीवाले कडेकडेनं फिरतात, तिच्याजवळ येतच नाहीत.’’

आम्ही ‘‘असतात थोडीफार वेगळी’’ असे काहीतरी बोलून पुढे निघालो. थोड्या अंतरावर दुसरे जाळे होते. पहिल्या कोळिणीच्या काळसर पोटावर ठसठशीत पिवळ्या रेघा होत्या. हिचे पोट मळकट तपकिरी, रेघा जवळजवळ नाहीतच. ‘‘ही दुसरी जात,’’ आम्ही सांगितले आणि मुलांनी वहीत तसे लिहून घेतले.

घरी येऊन पुस्तके चाळली, जाणकारांना विचारले, तेव्हा कळले की आमची दोन्ही उत्तरे चुकली होती, आणि तीही उलट-सुलट दिशांनी. जाळ्यातला तो तांबूस चिमुकला कोळी पिल्लू नव्हता. तो त्याच जातीचा पूर्ण वाढलेला नर होता. चांदीच्या थेंबासारखे दिसणारे कोळी तर त्या जातीचेच नव्हते. ते आर्गिरोडेस नावाच्या वंशातले, दुसऱ्याच्या जाळ्यात राहून त्यातले बारीकसारीक भक्ष्य चोरून खाणारे होते. म्हणजे जिथे दोन जाती होत्या तिथे आम्ही एक मानली. आणि रेघांवरून ज्या दोन कोळिणींना आम्ही दोन जातींत टाकले, त्या मात्र एकाच जातीच्या होत्या.

चूक आमची होती यात शंका नाही. पण पुढे वाचत गेलो तसे एक गोष्ट लक्षात आली. कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या मोठमोठ्या माणसांनी नेमक्या याच दोन चुका पुनःपुन्हा केल्या आहेत, आणि त्या दुरुस्त करता करताच कोळी ओळखण्याचे शास्त्र घडले आहे. त्या चुकांचा हा इतिहास शिक्षकांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

क्लर्कचे तीन कोळी

कोळ्यांकडे शास्त्रीय नजरेने पाहणाऱ्या पहिल्या काही लोकांत इंग्लंडमधील मार्टिन लिस्टर या डॉक्टरचे नाव घ्यावे लागते. १६७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने इंग्लंडमधल्या तीसहून अधिक कोळ्यांची वर्णने दिली. नुसता रंग न पाहता तो डोळे पाहत होता, जाळ्याची तऱ्हा पाहत होता, कोळी शिकार कशी करतो ते पाहत होता.

त्यानंतरचे मोठे नाव स्वीडनच्या कार्ल क्लर्कचे. हा गृहस्थ व्यवसायाने कर खात्यातला अधिकारी. लिनियसची व्याख्याने ऐकून त्याला निसर्गाचा नाद लागला आणि १७५७ साली त्याने स्वीडनमधल्या कोळ्यांवर रंगीत चित्रांचे पुस्तक काढले. साठांहून अधिक जातींना त्याने दोन शब्दांची लॅटिन नावे दिली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणना लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून करायची असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याआधीच्या एकाच पुस्तकातली नावे अपवाद म्हणून ग्राह्य धरली जातात. ते पुस्तक क्लर्कचे.

असा हा काटेकोर माणूस. तरीही त्याने एका कोळ्याच्या तीन जाती केल्या. बागेतल्या झुडपांवर पान दुमडून राहणारा एक छोटा कोळी युरोपात सर्वत्र सापडतो. त्यातल्या काहींचे पोट साधे फिकट पिवळसर असते, काहींच्या पोटावर दोन तांबडे पट्टे असतात, तर काहींची पाठ सबंध तांबडी असते. क्लर्कने या तिघांना लिनिएटस, रेडिमिटस आणि ओव्हेटस अशी तीन नावे दिली. पहिल्याचा अर्थ रेषांकित, दुसऱ्याचा माळ घातलेला, तिसऱ्याचा अंडाकृती. डोळ्यांना जे दिसले त्यावरून ही विभागणी अगदी योग्य होती.

एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांच्या लक्षात आले की हे तिन्ही रंग एकाच झुडपावर नांदतात आणि त्यांत दुसरा कसलाही फरक नाही. पुढे विसाव्या शतकात इंग्लंडमधील जेफ्री ऑक्सफर्ड यांनी हे कोळी पाळून त्यांची पैदास केली तेव्हा कारणही उलगडले. एका आईच्या पोटी दोन-दोन रंगांची पिल्ले निपजत होती. मेंडेलच्या वाटाण्यात जसा जांभळा आणि पांढरा फुलोरा, तसाच हा एका जनुकाच्या निरनिराळ्या रूपांचा खेळ होता. सबंध तांबडा रंग सर्वांवर प्रभावी, पट्टेवाला त्याच्या खालोखाल आणि साधा पिवळसर रंग सर्वांत अप्रभावी. आज या कोळ्याला एनोप्लोग्नाथा ओव्हाटा म्हणतात. क्लर्कच्या तीन नावांपैकी एकच वापरात उरले.

आमच्या वाटेवरच्या कोळिणीची नावे

आपल्या ठाकुरवाडीच्या वाटेवरची ती मोठी कोळीण म्हणजे नेफिला पिलिपेस. तिचीही कथा अशीच आहे. लिनियसचा शिष्य, डेन्मार्कचा योहान फाब्रिसियस याने १७९३ च्या एकाच ग्रंथात या एकाच जातीला दोन नावे दिली. एक पिलिपेस, म्हणजे केसाळ पायांचा. दुसरे मॅक्युलाटा, म्हणजे ठिपकेवाला. पुढे १८४१ साली फ्रान्सच्या वाल्केनेरने क्रिसोगॅस्टर म्हणजे सोनपोट्या असे आणखी एक नाव दिले. पूर्वेकडच्या बेटांतून निरनिराळे नमुने युरोपात जात राहिले आणि नावांची यादी वाढत गेली. विसाव्या शतकात बराच काळ आपल्याकडच्या पुस्तकांत नेफिला मॅक्युलाटा हेच नाव होते. आता नामकरणाच्या नियमांनुसार पिलिपेस कायम झाले आहे. जुने पुस्तक आणि नवे पुस्तक शेजारी ठेवून मुलांचा गोंधळ झाला, तर त्याचे कारण हे.

या नावांचे अर्थ पाहा. कोणाला केस दिसले, कोणाला ठिपके, कोणाला सोनेरी पोट. ज्याच्या हाती जसा नमुना आला तसे त्याने नाव दिले. त्यात आणखी एक अडचण होती. कोळ्याचे पोट मऊ असते. त्याला टाचणी टोचून फुलपाखरासारखे वाळवता येत नाही. म्हणून नमुना मद्यार्कात ठेवतात, आणि मद्यार्कात पुष्कळसे रंग उतरतात. हिरवा, पिवळा, तांबडा असा जो कोळी झाडावर होता तो महिन्याभराच्या बोटीच्या प्रवासानंतर बाटलीतून मळकट होऊन बाहेर निघे. युरोपातल्या संग्रहालयात बसलेल्या माणसाला तो रंग खरा की उडालेला हे कसे कळावे?

फरक येतो कुठून?

एकाच जातीच्या दोन कोळ्यांत फरक पडण्याची कारणे वेगवेगळी आहेत, आणि ती वेगळी करून पाहिली की मुलांनाही सहज समजतात.

पहिले कारण वय. कोळी कात टाकत टाकत वाढतो आणि प्रत्येक कातेनंतर रंग, नक्षी, पायांचे प्रमाण थोडे बदलू शकते. दुसरे कारण खाणे. लहानपणी ज्याला भरपूर भक्ष्य मिळाले तो प्रौढपणी मोठा होतो, ज्याची उपासमार झाली तो बारका राहतो. म्हणून ‘हा एवढा, तो तेवढा’ या मापावर फारसे विसंबता येत नाही.

तिसरे आणि सर्वांत फसवे कारण म्हणजे नर-मादीतला भेद. नेफिला पिलिपेसच्या मादीचे नुसते शरीर, पाय सोडून, तीन ते पाच सेंटिमीटर लांब असते. नर जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा. मादीचे वजन नराच्या शंभरपटीहून जास्त भरते. आमच्या चुकीला एवढा आधार तरी होता! पाने एकमेकांना जोडून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या आसपास हुबेहूब मुंगीसारखा दिसणारा एक उडी मारणारा कोळी सापडतो. त्याच्या नराचे जबडे इतके लांब पुढे आलेले असतात, की एका मुंगीने दुसरी मुंगी तोंडात धरली आहे असे वाटावे. मादीला असे काही नसते. इतक्या लांब जायचीही गरज नाही. शाळेच्या भिंतीवर माश्या पकडणारा प्लेक्सिपस पायकुली हा कोळी पाहा. नर काळा आणि त्याच्यावर पांढरे पट्टे, मादी करडी-तपकिरी. पाहणाऱ्याला या दोन जाती वाटल्या नाहीत तरच नवल.

चौथे कारण म्हणजे क्लर्कच्या कोळ्यासारखे जन्मजात रंगभेद. आणि पाचवे, काही कोळी स्वतःच रंग पालटतात. युरोप-अमेरिकेत फुलांवर दबा धरून बसणारी मिसुमेना नावाच्या खेकडा-कोळ्याची मादी पांढऱ्या फुलावर पांढरी आणि पिवळ्या फुलावर काही दिवसांनी पिवळी होते. रंगावरून जाती करायच्या तर या एकाच मादीला आठवड्यागणिक नवे नाव द्यावे लागेल.

डोळे आणि कुलूप-किल्ली

मग टिकाऊ खूण कोणती? रंग बदलला, वय बदलले तरी जी बदलत नाही अशी खूण अभ्यासक शोधू लागले. डोळे हे त्याचे पहिले उत्तर होते. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, पण त्यांची मांडणी कुलाकुलात वेगळी असते. उडी मारणाऱ्या कोळ्याच्या तोंडावर मधले दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे असतात. जमिनीवर धावणाऱ्या लांडगा-कोळ्याचे पुढच्या ओळीत चार छोटे, त्यावर दोन मोठे आणि मागे आणखी दोन असतात. ही मांडणी रंगाबरोबर बदलत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाल्केनेरने आपल्या वर्गीकरणाचा पाया डोळ्यांवर घातला. पण डोळ्यांवरून कोळ्याचे कुल कळते, फार तर वंश कळतो. जवळच्या दोन जातींचे डोळे सारखेच असतात.

जातीची खूण सापडली ती निराळ्याच जागी. कोळ्याच्या तोंडाजवळ, पायांच्या पुढे, पायांसारखीच पण आखूड अशी एक जोडी असते. तिला पेडिपाल्प म्हणतात. मादीत आणि पिल्लात ती सरळ बारीक असते. नर वयात आला, म्हणजे त्याने शेवटची कात टाकली, की तिची टोके मुठीसारखी फुगलेली दिसतात. नर एक छोटेसे जाळे विणतो, त्यावर शुक्राचा थेंब सोडतो, तो या फुगीर टोकात शोषून घेतो आणि मादीला भेटल्यावर तिच्या शरीरात पोहोचवतो. मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूला यासाठी एक कठीण तबकडी असते. तिचे नाव एपिजिन. पेडिपाल्पच्या टोकावरचे आकडे, काटे, वळणे आणि एपिजिनमधल्या खाचा, भोके, पडदे यांची घडण जातीजातीत वेगळी असते आणि एका जातीत पुष्कळशी सारखी असते.

ती अशी का असावी याबद्दल मते बदलत गेली. १८४४ साली फ्रान्सच्या लिओं दुफूरने कीटकांबद्दल कुलूप-किल्लीची कल्पना मांडली: एका जातीची किल्ली दुसऱ्या जातीच्या कुलपाला लागू नये म्हणून ही घडण. १९८५ साली विल्यम एबरहार्ड यांनी या कल्पनेला जोरदार हरकत घेतली. त्यांच्या मते माद्या काही नरांना पसंती देतात, त्या पसंतीच्या चढाओढीत हे अवयव भराभर बदलत जातात, आणि म्हणूनच ते जातीजातीत वेगळे होतात. कारण कोणतेही असो, ओळख पटवण्याला ही खूण उपयोगी पडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोळ्याच्या वर्णनाबरोबर या दोन अवयवांची चित्रे देण्याची पद्धत पडत गेली आणि आज त्यांच्याशिवाय नव्या जातीचे वर्णन सहसा कोणी स्वीकारत नाही.

या पद्धतीची एक किंमत आहे. पिल्लाला हे अवयव नसतात. म्हणून जंगलात दिसणाऱ्या कोळ्यांपैकी मोठ्या वाट्याची जात प्रामाणिकपणे सांगताच येत नाही. ‘अमुक वंशातला, अजून वयात न आलेला’ एवढेच उत्तर बरोबर असते.

मुंबई, लंडन आणि पुणे

आपल्याकडच्या कोळ्यांची ओळख बराच काळ बाहेरून होत होती. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. संस्थेच्या नियतकालिकात १८९९-१९०० च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील रेजिनाल्ड पोकॉक यांचे भारतीय कोळ्यांवरचे लेख आले, आणि १९०० साली त्यांचा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतला खंड निघाला. झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या आणि जमिनीत बीळ करणाऱ्या मोठ्या केसाळ कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्याला आजही या लिखाणापासून सुरुवात करावी लागते. त्यानंतर कलकत्ता आणि मद्रास येथील संग्रहालयांत काम केलेले एफ. एच. ग्रेव्हली यांनी त्यात भर घातली.

स्वातंत्र्यानंतर हे काम भारतीयांनी हाती घेतले. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्रात बी. के. टिकादर काम करत होते. १९६३ साली पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात त्यांनी महाराष्ट्र आणि म्हैसूर राज्यांतल्या कोळ्यांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे ते संस्थेचे संचालकही झाले. १९८० आणि १९८२ साली त्यांचे ‘फॉना ऑफ इंडिया’चे कोळ्यांवरचे खंड आले आणि १९८७ साली भारतीय कोळ्यांचे हस्तपुस्तक. त्या हस्तपुस्तकात हजाराहून अधिक जातींची नोंद होती. आपल्या देशात कोळी ओळखायचा तर हातात धरायला एक पुस्तक झाले, ही साधी गोष्ट नव्हती.

२००५ साली मंजू सिलिवाल, संजय मोलूर आणि बी. के. बिस्वास यांनी केलेल्या यादीत हा आकडा १,४४२ वर गेला, आणि २०१२ साली केसवानी, हादोळे व रजोरिया यांच्या यादीत १,६८६ वर. मात्र अशा याद्यांचे आकडे नुसते वाढतच जातात असे नाही. नव्या जाती सापडतात तशी जुनी नावे गळतातही. प्रौढ नर फार दिवस जगत नाहीत आणि मादीच्या शोधात भटकत असतात. त्यामुळे संग्राहकाच्या हाती मादी जास्त येते. पुष्कळ जातींचे वर्णन फक्त मादीवरून किंवा फक्त नरावरून झालेले आहे. उद्या कोणी जोडीने नर-मादी पकडले, तर दोन नावांची एक जात होण्याचा संभव असतो.

एकाचे झाले दोन

इथपर्यंत वाचून असे वाटेल की जुन्या लोकांनी फार जाती केल्या आणि नव्यांनी त्या कमी केल्या, एवढाच या इतिहासाचा सारांश. पण क्लर्कच्या कोळ्याची गोष्ट अजून संपलेली नाही.

तीन रंगांचा एक कोळी, हे उत्तर सर्वांना मान्य झाले होते. पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणून तो दाखवला जात होता. आणि १९८२ साली, म्हणजे टिकादरांचा दुसरा खंड निघाला त्याच वर्षी, हिप्पा आणि ओक्साला या फिनलंडच्या दोन अभ्यासकांनी या कोळ्याच्या जननेंद्रियांची बारकाईने तपासणी केली. त्यांना आढळले की एनोप्लोग्नाथा ओव्हाटा म्हणून जमा केलेल्या नमुन्यांत दोन घडणी आहेत. रंग तेच, आकार तोच, झुडपेही तीच. पण पेडिपाल्प आणि एपिजिन निराळे. ही दुसरी जात होती. तिला त्यांनी लॅटिमाना हे नाव दिले. साधा पिवळसर आणि पट्टेवाला हे रंग तिच्यातही आहेत. म्हणजे रंग तीन होते तेव्हा जात एक निघाली, आणि रंग सारखे होते तिथे जाती दोन निघाल्या.

ठाकुरवाडीच्या वाटेवरच्या आमच्या दोन चुका या एकाच कोळ्याच्या इतिहासात एकापाठोपाठ एक दिसतात, त्याही सव्वादोनशे वर्षांच्या अंतराने.

नेफिलाचीही अशी परीक्षा झाली आहे. तैवानमध्ये नेहमीच्या पिवळ्या नक्षीच्या माद्यांबरोबर जवळजवळ सबंध काळ्या माद्या आढळतात. आय-मिन त्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्हींचा आनुवंशिक ताळा घेतला. त्या वेगवेगळ्या निघाल्या नाहीत; दोन्ही एकाच समूहातल्या होत्या. मात्र उजेडाच्या जागी पिवळ्या नक्षीच्या मादीच्या जाळ्यात जास्त किडे येत होते. रंग जात सांगत नव्हता, पण म्हणून तो निरर्थकही नव्हता. तो पोट भरण्याच्या कामाचा होता.

आता २००३ पासून पॉल हेबर्ट यांनी सुचवलेली डीएनएच्या एका ठराविक तुकड्यावरून जात ओळखण्याची पद्धतही वापरात आली आहे. तिचा मोठा फायदा म्हणजे पिल्लू, नर आणि मादी यांची जोडणी लावता येते. पण तीही शेवटी फरकच मोजते. एका जातीत किती फरक खपतो हे आधी माहीत असेल तरच त्या मोजमापाला अर्थ येतो. २०२२ साली जगातल्या ज्ञात कोळ्यांच्या जातींनी ५०,००० चा आकडा ओलांडला. त्यातल्या प्रत्येक नावामागे हाच प्रश्न उभा आहे.

हा हिशेब नुसता पुस्तकी नाही. कर्जत-खालापूरच्या टेकड्यांवर गेल्या काही वर्षांत बंगले, रस्ते, रिसॉर्ट झपाट्याने वाढले आहेत. तिथे काय जगते आहे ते आपण मोजायला निघालो आणि एका जातीच्या दोन केल्या, तर नसलेली श्रीमंती कागदावर चढते. दोन जातींची एक केली आणि त्यातली एक नाहीशी झाली, तर काही गेले हे कोणाला कळणारही नाही.

वर्गात काय करता येईल?

यासाठी सूक्ष्मदर्शक नसला तरी चालेल; एक भिंग, वही आणि पट्टी पुरे. कोळी मारायचा नाही, हाताळायचा नाही. नेफिला दिसायला भीतिदायक असली तरी माणसाला धोकादायक नाही. पण तिला त्रास द्यायचेही कारण नाही.

मुलांना एक जाळे किंवा एक भिंत नेमून द्यावी आणि सारख्या वाटणाऱ्या किमान दहा कोळ्यांची नोंद करायला सांगावी. एका नमुन्यावरून मत बनवायचे नाही, हा पहिला नियम. प्रत्येकाबद्दल शरीराची अंदाजे लांबी, पोटाचा रंग व नक्षी, जाळे कसले, कोळी जाळ्यात कुठे बसतो आणि पेडिपाल्पची टोके फुगलेली आहेत की बारीक, एवढे लिहावे. टोके फुगलेली असतील तर तो नर. बारीक असतील तर मादी किंवा पिल्लू. दोन्हींपैकी काय ते नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही. मग दहाही नोंदी शेजारी मांडून विचारावे: यातला कोणता फरक सगळीकडे हळूहळू बदलत जातो, आणि कोणता फरक मध्येच तुटक आहे? पहिल्या तऱ्हेचा फरक बहुधा एका जातीतला असतो. दुसऱ्या तऱ्हेच्या फरकाजवळ थांबावे आणि आधी वय व नर-मादी तपासावे. शेवटी जात सांगता आली नाही तर वंश सांगावा, वंश नाही तर कुल. तेही नाही आले तर ‘माहीत नाही’ असे लिहून तारीख आणि जागा नोंदवावी. अशी नोंद पुढच्या माणसाला उपयोगी पडते. अंदाजाने ठोकून दिलेले नाव पडत नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच मुलांना पुन्हा त्या वाटेने नेले आणि वहीतली दोन्ही वाक्ये त्यांच्याकडूनच खोडून घेतली. तांबूस कोळी अजून कोळिणीच्या पाठीशीच होता. भिंगातून त्याच्या पेडिपाल्पची फुगलेली टोके सगळ्यांनी पाळीपाळीने पाहिली. त्या मुलीने मात्र भिंग लगेच पुढच्याकडे दिले. ‘‘मी तवाच बोलले हुते,’’ एवढेच ती म्हणाली, आणि जाळ्याच्या कडेला चांदीवाले किती आहेत ते मोजू लागली.